किशोरवयीन मुलांची झोप आणि मेंदू

“रात्री अकरा-साडेअकरापर्यंत टक्क जागा आणि सकाळी हलवून उठवावं लागतं.” दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांची ही नेहमीची तक्रार. याला आळस म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. वयात येताना शरीराचे घड्याळच एक ते दोन तास पुढे सरकू शकते. झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढू लागते. त्यामुळे मुलाला लवकर आडवे केले तरी झोप येत नाही. क्लास मात्र सकाळी सातलाच असतो.

१३ ते १८ वर्षे वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. साडेअकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्या मुलाला सहाच तास मिळतात. म्हणजे पाच दिवसांत किमान दहा तासांची तूट.

याचा फटका अभ्यासालाच बसतो. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेत होते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते. पहाटे चारला उठून केलेले पाठांतर चांगले, असे घरोघरी सांगतात. मूल आठ वाजता झोपले असेल तर ठीक. एरवी ती झोपेतली कपात आहे. शिवाय कपाळामागचा मेंदूचा भाग, जो राग आवरतो आणि धोका तोलतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. झोप कमी पडली की त्याचा लगाम ढिला पडतो. चिडचिड, रडू येणे, बेफाम गाडी चालवणे यांमागे हेही कारण असू शकते.

उठण्याची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा. रविवारी फार तर तासभर उशीर. सकाळी थोडा वेळ उजेडात जाऊ द्या. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, आणि तुमचाही तिथेच (नाहीतर मुले ऐकत नाहीत). दुपारी अर्ध्या तासाची डुलकी चालेल. झोपेच्या किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.

मूल जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा पुरेशी झोप होऊनही वर्गात डुलक्या घेत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल तरीही दाखवा. ‘जगावंसं वाटत नाही’ असे बोलले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.