मश्क : न दाखवण्याची अक्षरं

उर्दूत ‘मश्क’ म्हणजे सराव. खुशखतीच्या, म्हणजे सुंदर अक्षरलेखनाच्या इतिहासात या शब्दाला मोठा मान आहे. आज शौक म्हणून चित्र काढणारी, अक्षरं गिरवणारी मुलं फोनवरच्या लाइक्सना घाबरताना पाहतो, तेव्हा मला तो आठवतो.

उर्दू ज्या नस्तालिक वळणात लिहिली जाते, ते 14 व्या शतकात इराणमध्ये घडलं. मीर अली तबरेझी हे त्याचे आद्य उस्ताद मानले जातात. पुढच्या काळात खुशनवीस एकाच कागदावर तेच अक्षर पुन्हा पुन्हा, उलटसुलट, एकावर एक लिहीत. कागद शाईने भरून काळा होई. म्हणून तो ‘सियाह मश्क’, काळा सराव.

पुढे हे कागदही रसिकांना आवडू लागले. लोक ते मुरक्क्यात, म्हणजे चित्रं आणि अक्षरांच्या संग्रहात, जपू लागले. 19 व्या शतकात इराणच्या मिर्झा गुलाम रझा इस्फहानींसारख्या उस्तादांनी सियाह मश्क हीच स्वतंत्र कला केली. सरावही दाखवण्याची वस्तू झाला. पण त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. आज आठवडाभराचा सरावही लोकांसमोर ठेवावा लागतो, तिथे गोष्ट बिघडते.

आपल्याकडे शाहजहानच्या काळात इराणहून अब्दुर रशीद दैलमी हे खुशनवीस आले. शहजादा दारा शिकोह त्यांच्याकडे शिकला. अक्षर हे त्याच्या पोटापाण्याचं साधन नव्हतं, शौक होता. त्याने जमवलेला एक मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तो त्याने पत्नी नादिरा बानू बेगमला भेट दिला होता. शहजाद्याला दरबारभर दाद मिळाली असती. त्याने ती भेट एका माणसासाठी ठेवली.

माझ्या वर्गातली एक मुलगी बोरूने फार छान लिहायची. अक्षरांचे फोटो टाकू लागली, वाहवा झाली. मग लाइक्स घटले आणि तिने कलम ठेवून दिली. अक्षर बिघडलं नव्हतं, फक्त आकडा उतरला होता.

जुन्या उर्दू शाळांत लाकडी तख्ती असे. तिला मुलतानी माती लावायची, वाळवायची, लिहायचं, आणि संध्याकाळी धुवायची. कालचं वाकडं अक्षर आज कुणाला दिसत नसे, लिहिणाऱ्यालाही नाही. त्यामुळे चुकायची भीती नव्हती. फोन मात्र काही धूत नाही. सगळं जपून ठेवतो आणि मोजतो.

दाखवू नका, असं मी मुलांना सांगत नाही. दाद माणसाला हवीच असते. पण एक वही अशी ठेवा, जिचा फोटो काढायचा नाही. तिच्यात वाकडं लिहा, खोडा, हसा. शौक जिवंत राहायचा असेल तर त्याला अशी एक तख्ती लागते.