आमच्यामागे याचे कसे व्हायचे?

इंदूरच्या राजवाड्याच्या पश्चिमेस मल्हारगंज ही जुनी वस्ती आहे. सुभेदार मल्हारराव होळकरांचे नाव ती आजही मिरवते. होळकरांच्या आश्रयाने दक्षिणेतून आलेली कितीतरी मराठी घराणी या शहरात स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर मोठ्या, भरल्या कुटुंबाची रीतही माळव्यात आली. अशा घरात एखादे मूल जन्मतः आंधळे, बहिरे वा मंदबुद्धीचे निपजले तरी ते उपाशी राहत नसे. आजी त्याला भरवी, काकू न्हाऊ घाली, भावंडे हात धरून देवळात नेत. परंतु त्याच्या आईबापांच्या मनात एक प्रश्न कायमचा घर करून बसे: ‘आमच्यामागे याचे कसे व्हायचे?’ घरच्या मायेपाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते शोधण्याचा आपल्या देशातील इतिहास सुमारे एकशे चाळीस वर्षांचा आहे, आणि त्यातील मोठा भाग मुंबई-महाराष्ट्रात घडला आहे.

मूकबधिर मुलांसाठी मुंबईत १८८५ च्या सुमारास शाळा निघाली. ती काढण्यात कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी पुढाकार घेतला होता. ज्या मुलांना शिकविता येते हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते, त्यांच्या हाती पाटी आली ही गोष्ट लहान नव्हे. मात्र युरोपात त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी, १८८० मध्ये, मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बधिर मुलांना खुणांच्या भाषेने नव्हे, तर ओठ वाचून व बोलूनच शिकवावे, असा ठराव केला होता. त्याची छाया जगभरच्या बधिर-शिक्षणावर फार काळ राहिली. मुलाला जी भाषा सहज साधते तीच शाळेच्या दाराबाहेर ठेवावी, असा तो विपरीत न्याय होता. २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेत हा जुना ठराव अखेर जाहीरपणे नाकारण्यात आला.

अंध मुलांची वाट निराळी होती. दुष्काळाने होरपळलेल्या दिवसांत, १९०० साली, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा सुरू केली. दादरची अंधशाळा म्हणून ती पुढे प्रसिद्धीस आली. दोन वर्षांनी व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उघडली. लुई ब्रेल या स्वतः अंध असलेल्या फ्रेंच तरुणाने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा ठिपक्यांची लिपी आपल्याकडे आली खरी, परंतु निरनिराळ्या प्रांतांत तिची निरनिराळी रूपे चालत. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसरीकडचे पुस्तक वाचता येईना. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये. दुसऱ्याने वाचून दाखविण्याची वाट न पाहता आपले पुस्तक आपण उघडावे, ही स्वावलंबनाची एक फार मोठी पायरी होय.

पुढच्या काळात एक लक्षणीय गोष्ट दिसते. अनेक संस्था सरकारच्या वा धर्मादायाच्या प्रेरणेने नव्हे, तर वर सांगितलेल्या त्या प्रश्नातूनच जन्मास आल्या. १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत मतिमंद मुलांची शाळा काढली. १९४७ मध्ये फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले, कारण त्यांच्या मुलीला पोलिओ झाला होता. त्यातूनच हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी संस्था स्थापिली. त्यांची कन्या मालिनी चिब हिने पुढे उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून आपले आत्मचरित्र लिहिले. आईबापांची काळजी आपल्या घराचा उंबरा ओलांडून बाहेर पडली, म्हणजे ती शेकडो मुलांच्या कामी येते, हा या साऱ्यांतून मिळणारा धडा आहे.

परंतु शाळा झाली म्हणजे स्वावलंबन आले असे नव्हे. ते येते सदऱ्याच्या गुंडीपाशी, भाताच्या घासापाशी आणि न्हाणीघरात. मंदबुद्धीच्या मुलांचे शिक्षक एक साधी युक्ती वापरतात. गुंडी लावण्याच्या कामाचे ते चार-पाच लहान भाग पाडतात. आरंभी सगळे भाग शिक्षक करतो आणि गुंडी भोकातून ओढून घेण्याचा शेवटचा भाग तेवढा मुलाकडे सोपवितो. काम पुरे केल्याचा आनंद त्यामुळे पहिल्याच दिवशी मुलाच्या वाट्यास येतो. तो भाग साधला, म्हणजे त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा, असे करीत एके दिवशी सारी गुंडी त्याची होते. या शिक्षणात वेळ फार जातो. घाईत असलेली आई दोन क्षणांत गुंडी लावून मोकळी होते, आणि तिच्या मायेपोटीच मुलाचा धडा बुडतो.

मूल वयात आले म्हणजे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. सोळाव्या वर्षी अंग धुऊन घेण्यास, कपडे बदलण्यास दुसऱ्याचे तोंड पाहावे लागणे यात किती संकोच दडलेला असतो, हे ज्याचे त्यालाच कळते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन त्या वयात कमरेखालचे पंगुत्व आले. स्वतःसारखेच चाकाच्या खुर्चीत वावरणारे बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना धीर मिळाला. १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. त्यांच्या संस्थेने वसतिगृह व शाळा तर उभारलीच, शिवाय सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू-उद्योगही सुरू केला. खुर्ची सरकेल इतकी दाराची रुंदी आणि पायऱ्यांच्या जागी उतरण एवढे मिळाले, तरी कितीतरी कामांसाठी परावलंबी मानलेला मुलगा ती कामे स्वतः करतो. पंगुत्व जितके देहात असते, तितकेच ते घराच्या बांधणीतही असते.

या प्रश्नाचा इंदूरशी जडलेला एक धागा अलीकडचा आहे. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोहोचलेली गीता ही मूकबधिर मुलगी तेथे एधी संस्थेच्या छायेत वाढली. २०१५ मध्ये ती भारतात परतली आणि इंदूरच्या मूकबधिरांच्या संस्थेत राहिली. आपले गाव कोणते, आईबाप कोण, हे तिला शब्दांत सांगता येत नव्हते. लहानपणी ना अक्षर हाती आले होते, ना सर्वांना कळेल अशी खुणांची भाषा. खुणांच्या जाणकारांनी तिच्या आठवणी धीराने उलगडल्या, तो शोध मराठवाड्यापर्यंत पोहोचला, आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात तिची आई सापडल्याचे वृत्त आले. आपले नाव आणि गाव सांगता येणे ही केवढी मोठी विद्या आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे. गीता परतली त्याच वर्षी दिल्लीत भारतीय खुणांच्या भाषेचे संशोधन-केंद्र स्थापन झाले, आणि २०१८ मध्ये त्या भाषेचा तीन हजार शब्दांचा कोश निघाला.

कायदाही पुढे आला आहे. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे पूर्वीचे सात प्रकार वाढवून एकवीस केले, आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा त्यांना मानवेल अशा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु कायद्याचा हात जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. तेथे घरच्या माणसांचीच सत्ता चालते. भात सांडला तर सांडू द्यावा, गुंडी वाकडी लागली तर लागू द्यावी, नाक्यावरच्या दुकानातून मुलाने एकट्याने मीठ आणावे आणि उरलेले पैसे मोजून घ्यावेत. ‘आमच्यामागे याचे कसे व्हायचे?’ या प्रश्नाचे उत्तर आईबापांच्या मागे कोणी देऊ शकत नाही. ते त्यांच्या डोळ्यांदेखत, रोज थोडे थोडे, मुलाकडूनच घडवून घ्यावे लागते.