कल्पित नांवांचा उच्चार

व्याकरण कां शिकावें हें सांगतांना पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं दोन कथांचा उल्लेख केला आहे. शत्रूंना हांक मारतांना असुरांनीं रकाराच्या जागीं लकार उच्चारला आणि ते पराभव पावले, ही एक. दुसरी त्वष्ट्याच्या यज्ञाची. त्या यज्ञांत ‘इन्द्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्रास मारणारा पुत्र व्हावयाचा तो इंद्राच्या हातून मरणारा झाला. एका स्वराच्या चुकीनें प्राण जावा ही कल्पना आज अतिशयोक्तीची वाटेल; परंतु चुकीच्या उच्चारानें माणसाचें तोंड बंद होतें, हें आमच्या अनुभवाचें आहे. खेड्यांतील शाळेंतून आम्ही कॉलेजांत आलों, त्या पहिल्या वर्षीं वर्गांत ‘कर्नल’ हा इंग्रजी शब्द आम्हीं अक्षराबरहुकूम ‘कोलोनेल’ असा वाचला. वर्ग हंसला आणि त्यानंतर वर्षभर आम्ही वर्गांत मोठ्यानें कांहीं वाचलें नाहीं.

हें सर्व आठवण्याचें कारण गेल्या दिवाळींत घडलें. आम्ही पुण्यास भाच्याकडे गेलों असतां त्याचे पांच-सहा सोबती टेबलाभोंवतीं फांसे घेऊन बसले होते. एकानें कथा रचून सांगावी, इतरांनीं तींतील योद्धे, मांत्रिक, चोर अशा भूमिका घ्याव्या आणि प्रत्येक साहसाचें यशापयश फांशांच्या दानावर ठरावें, असा हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ. कथा सांगणारा मराठी मुलगा म्हणाला, “गुहेंतून एक रॅक्शासा बाहेर येतो.” आम्हांस हंसूं आवरलें नाहीं. “अरे, राक्षस म्हण!” असें आम्ही म्हणालों. मुलगा ओशाळला आणि पुढील कथा त्यानें खालच्या आवाजांत कशीबशी सांगितली.

ह्या खेळाचा इतिहास पाहिला म्हणजे दोष त्या मुलाचा नव्हे हें ध्यानांत येतें. हीं नांवें माणसें आधीं पुस्तकांत पाहतात आणि मग उच्चारतात. कानांनीं तीं कधींच ऐकलेलीं नसतात. एकांतांत वाचणाऱ्याची अडचण होत नाहीं, कारण मनांतील उच्चारास साक्षीदार नसतो. हेंच वाचन टेबलाभोंवतीं आलें कीं एका नांवाचे चार उच्चार होतात आणि वाद सुरू होतो.

अशा नांवांचे स्थूलमानानें तीन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग ज्यांच्या कर्त्यानें नियम घालून दिले त्यांचा. ऑक्सफर्ड येथील भाषापंडित टॉल्किन ह्यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ सालीं तीन भागांत निघाली. शेवटच्या भागाच्या परिशिष्टांत त्यांनीं आपल्या कल्पित भाषांचे उच्चार सविस्तर सांगितले आहेत. त्यांत ‘सी’ ह्या अक्षराचा उच्चार सर्वत्र ‘क’ असा आहे; म्हणून ‘सेलेबॉर्न’ नव्हे, ‘केलेबॉर्न’. आघाताचा नियम लॅटिनच्या धर्तीवरील आहे: उपान्त्य अक्षर गुरु असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. वृत्तांतील लघुगुरु ज्याला ठाऊक आहेत अशा मराठी वाचकास ‘इसिल्दुर’ शब्दांत भर ‘सिल्’वर कां, हें शिकवावें लागणार नाहीं. १९७५ सालीं ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ प्रसिद्ध करणारे बार्कर हेहि अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत उर्दू शिकवीत. त्यांनीं आपल्या कल्पित साम्राज्याची भाषा रचिली व तिचें व्याकरणहि पुढें छापून निघालें.

दुसरा वर्ग ज्यांचा उच्चार कर्त्यानेंच माणसास अशक्य ठरविला त्यांचा. लव्हक्राफ्टच्या १९२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कथेंतील ‘कथुलू’ हें त्याचें उदाहरण. हें नांव अमानुष कंठांतील ध्वनि माणसाच्या अक्षरांत उतरविण्याचा ओबडधोबड प्रयत्न होय, असें त्यानें पत्रांतून कळविलें होतें. १९८१ सालीं त्या कथेवर खेळ निघाला आणि खेळणाऱ्यांनीं जिभेला सोपा तो उच्चार रूढ केला. येथें कोणीहि कोणास हंसण्याचें कारण नाहीं. सारेच सारखे चुकतात.

तिसरा वर्ग सर्वांत नाजूक. ह्या नांवांना कोठेंतरी खरें घर आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. त्यांत व त्याच्या पुढील ग्रंथांत नांवें दाही दिशांहून गोळा झालीं. मांत्रिकाच्या सजीव प्रेताचें ‘लिच’ हें नांव प्रेतवाचक प्राचीन इंग्रजी शब्दावरून आलें. चर्चच्या आवारांत शिरतांना शवपेटी टेंकविण्याच्या छपरी दरवाजाच्या नांवांत तो शब्द अजून जिवंत आहे; तरी खेळणारे त्यास ‘लिक’ म्हणत. पाताळवासी ‘ड्राउ’ लोकांचें नांव स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांवरच्या लोककथांतलें. तें ‘ड्राउ’ कीं ‘ड्रो’, ह्याविषयीं अजून दोन पक्ष आहेत. घोटाळा इतका झाला कीं १९८५ च्या जानेवारींत ‘ड्रॅगन’ मासिकाच्या ९३ व्या अंकांत फ्रँक मेन्त्झर ह्यांस उच्चारांची एक लांबलचक यादी छापावी लागली. लेखाचें शीर्षकहि त्यांनीं विनोदानें उच्चाराबरहुकूमच लिहिलें.

ह्याच खेळाच्या १९७७ सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ ग्रंथांत वाघाच्या मस्तकाचा राक्षस आहे. तो आपल्याकडून गेला, रोमन लिपींत बसला आणि इंग्रजी आघात घेऊन त्या मुलाच्या तोंडून आमच्यापुढें परत आला. घरच्या माणसानें परक्यासारखें बोलावें ह्याचें आम्हांस वाईट वाटलें, तें अगदींच निराधार नव्हतें.

परंतु आमचें हंसणें संपतें न संपतें तोंच भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही तरी तो शब्द नीट कोठें म्हणतां? शेवटचा अ गिळतां आणि षचा श करतां.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या मुलानें शेवटचा अकार लांबविला खरा, पण निदान राखला. आम्हीं तो टाकूनच दिला. आपली लिपि म्हणजे उच्चाराचा आरसा, हाहि भ्रमच. ‘चार’ आणि ‘चारा’ ह्यांतील च वेगळे. आम्ही लिहितों एकच. ‘ज्ञान’ शब्दाचा ज्ञ आम्ही एक तऱ्हेनें उच्चारतों, हिंदी भाषिक दुसऱ्या. आणि दोघेहि आपलाच उच्चार खरा मानतों.

मग निर्णय कोणता? आमच्या मतें कर्त्याचा नियम असेल तर तो पाळावा. नांवास जिवंत घर असेल तर त्या घरीं विचारावें. दोन्ही नसेल तर टेबलाभोंवतीं बसलेल्यांनीं एकमतानें ठरवावें. बरोबर उच्चार अवश्य सांगावा, परंतु हंसून नव्हे. ज्यानें शब्द चुकीचा उच्चारला त्यानें तो बहुधा कोणाच्या सांगण्याविना, स्वतः वाचून मिळविलेला असतो. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलास बोलावून घेतलें, त्याची क्षमा मागितली आणि कालची कथा पुढें सांगावयास लावली. ह्या खेपेस तो मोठ्यानें बोलला.