उष्णतासह विद्युत् निरोधक द्रव्ये : निवडीचा इतिहास

विद्युत् यंत्रातील संवाहक तारा एकमेकींपासून व यंत्राच्या लोखंडी भागांपासून अलग राखणारे आणि चढत्या तापमानातही हा गुणधर्म टिकविणारे पदार्थ म्हणजे उष्णतासह विद्युत् निरोधक द्रव्ये होत. तांबे १,०८० से. च्याही वर वितळते. परंतु त्यावरील सूत वा कागद १००° से. च्या थोड्या वर दीर्घकाळ राहिल्यास ठिसूळ होऊन अखेर करपतो. करपून उरणारा कार्बन संवाहक असल्याने यंत्र निकामी होते. यंत्रावर किती भार टाकता येईल, ही मर्यादा त्यामुळे प्रामुख्याने निरोधकावरून ठरते.

जोसेफ हेन्री यांनी १८३० च्या सुमारास विद्युत् चुंबकाच्या तारेवर रेशीम गुंडाळले होते. पुढे जनित्रे व चलित्रे मोठी झाल्यावर वस्त्रे अपुरी पडली आणि अभ्रकाला महत्त्व आले. मस्कोव्हाइट अभ्रक सुमारे ५००° से. पर्यंत टिकते. फ्लोगोपाइट त्याहून अधिक तापमान सोसते. शिवाय ते मऊ असून तांब्याबरोबर सारखे झिजत असल्याने दिक्परिवर्तकाच्या पट्ट्यांमध्ये पसंत केले जाई. मोठे निर्दोष तक्ते दुर्मिळ असल्याने अमेरिकेत १८९२ च्या सुमारास अभ्रकाचे पातळ पापुद्रे लाखेने चिकटवून मायकानाइट तयार करण्यात आले. मात्र त्याची उष्णतासहता लाखेमुळे मर्यादित झाली.

चार्ल्स स्टाइनमेट्झ व बेंजामिन लॅम या अभियंत्यांनी १९१३ मध्ये निरोधकांचे तापमानानुसार वर्ग सुचविले. नंतरच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ए वर्गासाठी १०५°, बी साठी १३०°, एफ साठी १५५° व एच साठी १८०° से. अशा मर्यादा आल्या. रोहित्रांतील निरोधकाचे आयुर्मान तापमान सुमारे ८° से. ने वाढताच निम्मे होते, असे मॉन्टसिंगर यांनी १९३० मध्ये दाखविले. हा ऱ्हास रासायनिक विक्रियांच्या वेगाच्या नियमाने होतो, हे डेकिन यांनी १९४८ मध्ये मांडले. त्यामुळे द्रव्य किती तापमान सोसते, याबरोबरच किती काळ सोसते, हाही निवडीचा निकष झाला.

कृत्रिम द्रव्यांपैकी १९३८ मध्ये लागलेले टेफ्लॉन २६०° से. पर्यंत उपयोगी पडते. पण दाबाखाली ते हळूहळू पसरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचतंतू व सिलिकोन रेझिने यांच्या संयोगाने एच वर्ग साध्य झाला. ॲस्बेस्टस उष्णता उत्तम सोसत असले, तरी ते आर्द्रता शोषत असल्याने निरोधक म्हणून दुबळे होते. त्याच्या तंतूंमुळे होणाऱ्या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाकडे १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासाने लक्ष वेधले. यूरोपीय संघात २००५ पासून त्यावर सर्वसाधारण बंदी आली.

निवडीचा मानवी भार भारतातही दिसतो. कोडरमा व हजारीबाग परिसरातील (आता झारखंड) अभ्रक दीर्घकाळ जगभर निर्यात होई. त्याचे पापुद्रे सोडविण्याचे काम स्त्रिया व मुले हाताने करीत. खाणमजुरांसाठी १९४६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. तरीही टाकाऊ अभ्रक वेचण्यात बालमजुरी पुढे राहिलीच. मोठ्या जनित्रांत आजही अभ्रक-कागद, काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांचे संयुक्त निरोधन वापरतात. कारण उच्च विद्युत् दाबाखालील विसर्जनांना अभ्रकाइतका टिकाव धरणारा पर्याय अद्याप सर्वत्र रुळलेला नाही.