ड्रॅगन, प्रेम आणि पाचशे पानं: ‘रोमँटसी’ कादंबऱ्यांचं एवढं वेड कशामुळे?

मुलुंडहून सीएसएमटीची स्लो लोकल पकडली, की वाचायला जवळपास तासभर मिळतो. त्या तासात काय वाचावं, हे आता अनेकांना इन्स्टाग्रामच्या रील्स सुचवतात. त्यात ड्रॅगनच्या प्रेमकथा हमखास दिसतात.

रोमँटसी म्हणजे काय?

रोमान्स अधिक फँटसी म्हणजे रोमँटसी. जग जादूचं, पण गोष्टीचा कणा प्रेमकथेचा. अमेरिकी लेखिका रेबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये आली. दुसरा भाग ‘आयर्न फ्लेम’ त्याच नोव्हेंबरमध्ये, तर तिसरा ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आला. तिसऱ्या भागाच्या पहिल्याच आठवड्यात सुमारे २७ लाख प्रती खपल्या.

वाचकांना काय भावतं?

नायिका व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात. खुद्द यारोस यांनाही एहलर्स-डॅन्लॉस सिंड्रोम हा आजार आहे. युद्धशाळेत सगळे व्हायोलेटला दुबळी समजतात, पण एक बलाढ्य ड्रॅगन तिलाच निवडतो. तो घराणं, रूप, पगार काही विचारत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांना कंटाळलेल्यांना हे आवडलं नाही तरच नवल!

मराठीत असं काही होतं का?

ड्रॅगन नव्हते, पण अद्भुत प्रेमकथा भरपूर होत्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. आपल्याकडच्या विवाहाच्या रीतींमुळे रोजच्या आयुष्यात कादंबरीजोगं काही घडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं, असं रिसबुडांचं म्हणणं होतं. म्हणजे प्रत्यक्षात न मिळणारं प्रेम कल्पनेत शोधण्याची ही सवय जुनीच आहे.

मग कमी कुठे पडतात?

पहिली अडचण साच्याची. आधी वैर, मग प्रेम, शेवटी धक्का देऊन पुढच्या भागाची सोय. दुसरी, युद्ध आणि राजकारण अनेकदा प्रेमकथेचा पडदा म्हणूनच उरतं. ड्रॅगनही मग नुसतं वाहन होतो. तिसरी अडचण जास्त गंभीर आहे. नायकाने गुपितं लपवणं, हक्क गाजवणं हे अशा बऱ्याच कादंबऱ्यांत प्रेमाची खूण म्हणून येतं. पुस्तकात ते थरारक वाटतं, पण खऱ्या नात्यात तीच धोक्याची घंटा असते.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

मुखपृष्ठावर ड्रॅगन दिसला म्हणून पुस्तक लहान मुलांचं ठरत नाही. ‘फोर्थ विंग’मध्ये उघड शृंगार आणि भरपूर हिंसा आहे. ही मालिका प्रौढांसाठी लिहिलेली आहे. त्यामुळे आठवीतल्या मुलीने ती मागितली, तर आधी स्वतः चाळून पाहिलेली बरी.

मराठीतल्या अद्भुत कादंबऱ्यांवरही १८७२ मध्ये का. बा. मराठे यांनी निबंध लिहून टीका केली होती. पुढे हरी नारायण आपट्यांनी मध्यमवर्गीय घरातली माणसं कादंबरीत आणली. तरी अद्भुताची ओढ काही संपली नाही. तेव्हा ड्रॅगनवर खुशाल बसा, फक्त नायकाला जोडीदाराचा नमुना मानू नका.