हास्याची किंमत : बॅरी फिट्झगेराल्डची कारकीर्द

आयरिश रंगभूमीच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास बहुधा नाटककारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. येट्स, लेडी ग्रेगरी, सिंज, ओ'केसी ही नावे आपल्या अभ्यासकांना परिचित आहेत. रवींद्रनाथांच्या 'डाकघर'चा इंग्रजी प्रयोग १९१३ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये झाला होता, हेही अनेकांना ठाऊक असेल. या नाटककारांच्या शब्दांना ज्यांनी देह आणि आवाज दिला, त्या नटांचा विचार मात्र क्वचितच होतो. बॅरी फिट्झगेराल्ड हा त्यांपैकी एक. या चळवळीपुढील एक मूलभूत प्रश्न त्याच्या कारकिर्दीच्या आधारे नटाच्या बाजूने पाहता येतो.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी रंगभूमीवर आयरिश माणूस एका ठरावीक साच्यातून येत असे : दारुडा, बढाईखोर, भांडकुदळ, पण मनाने भाबडा. १८९७ साली येट्स, लेडी ग्रेगरी व एडवर्ड मार्टिन यांनी आपल्या संकल्पित रंगभूमीचे जे निवेदन तयार केले, त्यात हा साचा मोडण्याचा निर्धार स्पष्ट होता. तोच हेतू घेऊन १९०४ च्या डिसेंबरात ॲबी थिएटर उघडले. परंतु या संस्थेने घडवलेला एक श्रेष्ठ विनोदी नट पुढे हॉलिवूडमध्ये त्याच साच्याचा लोकप्रिय प्रतिनिधी ठरला. याला नटाचा अधःपात म्हणावे काय?

त्याचे मूळ नाव विल्यम जोसेफ शील्ड्स. जन्म डब्लिनमध्ये, १० मार्च १८८८ रोजी, एका प्रॉटेस्टंट कुटुंबात. तो सरकारी कचेरीत कारकून होता. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी ॲबीत लहानसहान भूमिका असा त्याचा अनेक वर्षांचा क्रम होता, आणि सरकारी नोकराला सोयीचे म्हणून त्याने रंगभूमीपुरते दुसरे नाव घेतले. धाकटा भाऊ आर्थर शील्ड्स हाही ॲबीचा नट. तो १९१६ च्या ईस्टरच्या उठावात प्रत्यक्ष लढला आणि वेल्समधील फ्रॉनगॉखच्या छावणीत स्थानबद्ध झाला. एक भाऊ बंडखोर, दुसरा कारकून. दोघेही एकाच रंगमंचावर.

३ मार्च १९२४ रोजी शॉन ओ'केसीचे 'जुनो अँड द पेकॉक' रंगभूमीवर आले आणि कॅप्टन बॉइलच्या भूमिकेने फिट्झगेराल्डचे नाव झाले. बॉइल स्वतःला सागरवीर म्हणवतो. प्रत्यक्षात त्याचा प्रवास कोळशाच्या बोटीतून लिव्हरपूलपर्यंत झालेला असतो. काम मिळण्याची चिन्हे दिसली की त्याचे पाय दुखू लागतात. बाह्यतः पाहता दारू, बढाई आणि आळस ही सारी लक्षणे त्या जुन्या साच्यातीलच आहेत. पण ओ'केसीने या साच्याभोवती एक घर उभे केले. त्या घरात कष्टणारी जुनो आहे, फसवली गेलेली मुलगी आहे आणि साथीदाराचा विश्वासघात केल्याबद्दल मारला जाणारा मुलगा आहे. शेवटी जुनो मुलीला घेऊन निघून जाते, सामानसुमान उचलून नेलेल्या रिकाम्या खोलीत बॉइल आणि त्याचा मित्र जॉक्सर झिंगून परततात. प्रेक्षक ज्या बरळण्याला पहिल्या अंकात हसलेला असतो, तेच बरळणे आता त्याला ऐकवत नाही. आपल्या हास्याची किंमत कोणी मोजली, हे त्याला कळलेले असते.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९२६ मध्ये, 'द प्लाव अँड द स्टार्स' आले. १९१६ च्या उठावाकडे गरीब वस्तीच्या खिडकीतून पाहणारे हे नाटक अनेकांना हुतात्म्यांचा अवमान वाटले. प्रेक्षागृहात दंगल झाली आणि येट्सने रंगमंचावर येऊन प्रेक्षकांची निर्भर्त्सना केली. फ्लुथर गुड या सुताराची भूमिका करणारा फिट्झगेराल्ड रंगमंचावर चढलेल्या निदर्शकांशी हातघाईवर आला, असे त्या वेळच्या वृत्तांतांतून दिसते. या विनोदाचे सामर्थ्य एवढे होते की लोक त्याच्या विरोधात उठले.

१९२८ साली ॲबीने ओ'केसीचे 'द सिल्व्हर टॅसी' नाकारले. १९२९ मध्ये लंडनमध्ये झालेल्या त्याच्या प्रयोगात फिट्झगेराल्डने भूमिका केली. त्याच वर्षी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. हिचकॉकने १९३० मध्ये 'जुनो'चा चित्रपट केला तेव्हा बॉइलची भूमिका एडवर्ड चॅपमन या इंग्रज नटाकडे गेली. फिट्झगेराल्डच्या वाट्याला एका वक्त्याची छोटी भूमिका आली. जॉन फोर्डने 'द प्लाव अँड द स्टार्स'वरील चित्रपटासाठी (१९३६) त्याला अमेरिकेत नेले. त्यात त्याने पुन्हा फ्लुथर साकारला, तर उठावात लढलेल्या आर्थरने उठावाचा नेता पॅट्रिक पीअर्स उभा केला.

'गोइंग माय वे' (१९४४) मधील वृद्ध पाद्री फादर फिट्झगिबन ही त्याची सर्वांत गाजलेली चित्रपट-भूमिका. प्रॉटेस्टंट घरातील या नटाने कॅथलिक पाद्री इतका खरा केला, की एकाच भूमिकेसाठी त्याचे नामांकन प्रमुख आणि साहाय्यक अशा दोन्ही ऑस्कर पुरस्कारांसाठी झाले. साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार त्याला मिळाला आणि असे दुहेरी नामांकन पुन्हा होऊ नये म्हणून अकादमीने नियम बदलले. या भूमिकेत हट्ट, लटका राग, चोरून घेतलेला घोट हे सारे ओळखीचे आहे. अखेरीस आयर्लंडहून आलेली आई त्याला जवळ घेते आणि चित्रपट संपतो. येथे हास्याचा हिशेब कोणी मागत नाही.

म्हणून दोष नटाच्या अभिनयात शोधणे मला योग्य वाटत नाही. तिरकी चाल, खरखरीत आवाज, वाक्य मध्येच तोडण्याची लकब ही त्याची सामग्री डब्लिनमध्ये होती तीच कॅलिफोर्नियात राहिली. बदलली ती संहिता. ओ'केसीने त्या लकबींसमोर जुनोला उभे केले होते. पटकथाकारांनी जुनोला वगळले. नटाच्या विनोदाला अर्थ कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर या एका कारकिर्दीत दोनदा, आणि परस्परविरुद्ध, मिळते. 'द नेकेड सिटी' (१९४८) मधील संयत पोलीस अधिकारी पाहिला, तर संहितेने मागितले तेव्हा तो साच्याबाहेर सहज जाई, हेही ध्यानात येते.

१९५१ च्या उन्हाळ्यात फोर्डने मेयो परगण्यातील काँग या गावी 'द क्वाएट मॅन'चे चित्रीकरण केले. सोयरिकी जुळवणारा, सदैव तहानलेला मिकलीन ही फिट्झगेराल्डची भूमिका म्हणजे त्या जुन्या साच्याचे सर्वांत लोभस रूप होय. त्याच वर्षी जुलैमध्ये डब्लिनमधील ॲबीची जुनी वास्तू आगीत जळाली. आग लागण्यापूर्वी त्या संध्याकाळी तेथे 'द प्लाव अँड द स्टार्स'चाच प्रयोग झाला होता. फिट्झगेराल्ड अखेरच्या काळात मायदेशी परतला आणि ४ जानेवारी १९६१ रोजी डब्लिनमध्येच त्याचे निधन झाले. मिकलीन आजही पडद्यावर पाहता येतो. बॉइल मात्र त्याच्या प्रेक्षकांबरोबर गेला. आपल्यासाठी उरली आहे ती ओ'केसीची संहिता आणि तिच्यातील ती रिकामी खोली.