मोत्यांच्या पारखीचे शिक्षण

मोत्यांची पारख ही हाताने आणि डोळ्याने शिकण्याची विद्या मानली जाते. तरीही ती अक्षरांतून शिकवण्याचा प्रयत्न भारतात फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, म्हणजे दुसऱ्या विभागात, राजकोशात घ्यावयाच्या रत्नांचे प्रकरण मोत्यांपासूनच सुरू होते. त्यात आधी मोत्यांची उगमस्थाने येतात आणि मग सदोष मोत्यांची नावे: मसुरीच्या दाण्यासारखा चपटा तो मसूरक, कमंडलूच्या घाटाचा तो कमंडलुक, चुकीच्या जागी भोक पाडलेला तो दुर्विद्ध. उत्तम मोत्याला तेथे ‘निस्तल’ असे विशेषण लावले आहे. निस्तल म्हणजे ज्याला बूड नाही, जो सपाटीवर ठेवला असता स्थिर न राहता घरंगळतो. गोलाईची संपूर्ण कसोटी एका शब्दात सांगणारी ही परिभाषा आजही जुनी वाटत नाही.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हत्ती, साप, ढग, वेळू यांच्यापासूनही मोती निपजतात असे म्हटले आहे, आणि शिंपल्यातील मोती त्यांत श्रेष्ठ ठरवला आहे. या कल्पनांमुळे रत्नपरीक्षेचे ग्रंथ बाजूला सारणे योग्य नाही, कारण त्यांच्याच शेजारी पक्का व्यावहारिक अनुभव नोंदलेला सापडतो. कृत्रिम मोत्याची शंका आली तर तो तेल-मीठ घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावा, मग कोरड्या फडक्यात भाताच्या दाण्यांबरोबर चोळावा, आणि ज्याचा रंग टिकेल तो खरा समजावा, अशी परीक्षा गरुडपुराणात दिली आहे. पुढे 1315 मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत ठक्कुर फेरू याने रत्नपरीक्षेवर ग्रंथ लिहिला, तो पंडितांच्या संस्कृतात नव्हे, प्राकृतात.

एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातील मोत्यांची मोठी पेठ मुंबई ही होती. ज्यांना महाराष्ट्रात ‘बसरा मोती’ म्हणतात ते मुख्यतः बहारीनच्या परिसरातील शिंपल्यांतून निघत आणि बसऱ्याच्या व्यापारामुळे ते नाव त्यांना चिकटले. नथ आणि तन्मणी यांची हौस असलेल्या मराठी घरांना हे नाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोती मुंबईत आले की त्यांची छाननी होई, त्यांना भोके पाडली जात, ते जुळवून सरांत ओवले जात, आणि भाव अनेकदा रुमालाखाली बोटे दाबून ठरे, जेणेकरून शेजारी बसलेल्यालाही आकडा कळू नये. हिशेब ‘चव’ या मापाने चाले. चव हे वजनाच्या वर्गावर आधारलेले माप असल्याने एकाच प्रतीच्या दोन मोत्यांत दुप्पट वजनाच्या मोत्याची किंमत दुप्पट न होता चौपट होई. पोरवयापासून पेढीवर बसल्याखेरीज हे गणित आणि मोत्याचे ‘पाणी’, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाखालून उजळणारी झळाळी, अंगवळणी पडत नसे. आणि पेढीवर बसायला मिळे ते बहुधा घरच्या किंवा नात्यातल्या मुलालाच.

या बंदिस्त शिक्षणाला धक्का बसला तो जपानमधून. कोकिची मिकिमोतो यांनी 1893 मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शिंपल्याच्या शरीरात शिंपेचाच घडवलेला मणी व ऊतीचा छोटा तुकडा घालून पूर्ण गोल मोती मिळवण्याची रीत तेथे सिद्ध झाली. 1920 नंतर हे संवर्धित मोती युरोपच्या बाजारात आले, तेव्हा निष्णात जव्हेऱ्यांचीही नजर हरली, कारण बाहेरचा थर खराच होता आणि फरक फक्त आत दडलेला होता. म्हणून 1925 मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी प्रयोगशाळा काढली. तेथे क्ष-किरणांच्या साहाय्याने मोती न फोडता त्याच्या गाभ्याची रचना ओळखता येऊ लागली. पारखीच्या इतिहासातील खरा दुभंग हाच होय: ज्ञान पेढीवरून यंत्राकडे गेले, आणि यंत्राचे ज्ञान नात्यागोत्याबाहेरच्या कोणालाही शिकवता येते. आखाताला मात्र याची जबर किंमत मोजावी लागली. संवर्धित मोती आणि 1929 नंतरची जागतिक मंदी यांच्याखाली तेथील पाणबुड्यांचा धंदा बसला.

1931 मध्ये रॉबर्ट शिप्ली यांनी लॉस एंजेलिसमध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका स्थापन केली, ती पत्रद्वारा शिक्षणासाठी. गावोगावच्या जव्हेऱ्यांना टपालाने पाठ जात आणि ते दुकान सांभाळून अभ्यास करत. आजचे ऑनलाइन अभ्यासक्रम याच टपालाच्या वाटेचे वारस आहेत. आकार, घाट, रंग, झळाळी, पृष्ठभाग, मुक्तास्तर म्हणजे मोती ज्या द्रव्याने बनतो त्या थराची प्रत, आणि सरातील मोत्यांचा मेळ, या सात निकषांनी मोती जोखण्याची त्या संस्थेची पद्धत पुण्या-कोल्हापुरातील विद्यार्थ्यालाही घरी बसून शिकता येते. पेढीच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तथापि त्याच संस्थेच्या मोतीविषयक पदविकेत ऑनलाइन पाठांखेरीज प्रतवारीचा एक प्रत्यक्ष वर्गही आहे, आणि त्या वर्गात विद्यार्थ्याला खरे मोती हाताळावे लागतात.